कांडी, तेल आणि ठिणगी: ‘नोइटा’चे सविस्तर परीक्षण

‘नोइटा’ या व्हिडिओ गेममधला, गेल्या काही आठवड्यांतला माझा सर्वांत आशादायक डाव एका कंदिलाने संपवला. कोळशाच्या खाणीतल्या एका अरुंद बोगद्यात मी उभा होतो, हातात बऱ्यापैकी जादूची कांडी होती, तब्येत जवळजवळ शाबूत होती आणि समोरून कोळ्यासारखा दिसणारा एक क्षुद्र प्राणी उड्या मारत येत होता, ज्याला एरवी दोन-चार ठिणग्यांत आटोपता येते. माझी पहिली ठिणगी त्याला न लागता छताला टांगलेल्या कंदिलावर आदळली, कंदील फुटून त्यातली आग खाली आली आणि नेमकी त्या तेलात पडली, जे थोड्या वेळापूर्वी मीच एक टाकी फोडून सांडवले होते. त्याच तेलातून चालत आल्यामुळे माझा झगाही तेलाने माखलेला होता. आग विझवायला पाणी हवे आणि पाण्याची कुपी तर मी अंगावरचा विषारी गाळ धुण्यासाठी दोनच मिनिटांपूर्वी रिकामी केलेली. या साऱ्या प्रकारात त्या प्राण्याचा वाटा एवढाच, की तो तिथे होता.

‘नोइटा’मधले बहुतेक मृत्यू असेच असतात. शत्रू निमित्तमात्र ठरतो आणि मरणाचे सामान आपणच जमवलेले असते. म्हणूनच हा गेम अवघड आहे असे नुसते म्हणणे मला अपुरे वाटते. अवघड गेम पुष्कळ आहेत. त्यांत शत्रूंच्या हालचाली पाठ कराव्या लागतात, बोटांना वेग आणावा लागतो आणि सराव झाला की तो गड सर होतो. इथे पाठ करण्यासारखे फार थोडे आहे, कारण सगळी कठीणाई एका साध्या गोष्टीतून येते: गेममधले जग कुणाचीच बाजू घेत नाही. तेल शत्रूसाठी जसे जळते तसेच आपल्यासाठीही जळते, आणि आपण रचलेला मंत्र आपल्याला ओळखत नाही. गेममधले सारे स्वातंत्र्यही याच निःपक्षपातीपणातून आलेले आहे, आणि ते स्वातंत्र्य हवे असेल तर असे मृत्यू पत्करावे लागतात, हे मला बरेच डाव हरल्यावर उमगले.

प्रथम आवश्यक तेवढी माहिती देतो. ‘नोइटा’ हा फिनिश भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ चेटकीण किंवा चेटक्या असा होतो. फिनलंडमधल्या नोल्ला गेम्स या छोट्या स्टुडिओने तो विंडोजवर चालणाऱ्या संगणकांसाठी तयार केला. सप्टेंबर 2019 मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती दिला गेला आणि ऑक्टोबर 2020 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित झाला. स्टुडिओमागच्या तिघांची नावे जाणकारांना परिचित असतील. पेत्री पुर्हो यांनी ‘क्रेयॉन फिजिक्स डिलक्स’ केला होता, ज्यात खडूने काढलेल्या आकृतीला लगेच वजन येऊन ती गडगडू लागते, ओल्ली हार्योला हे ‘द स्वॉपर’च्या निर्मात्यांपैकी, आणि आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ तर शब्दांचे ठोकळे ढकलून खेळाचे नियमच बदलायला लावतो. रेखाटलेल्या वस्तूला वजन देणारा एक आणि शब्दांच्या क्रमातून नियम घडवणारा दुसरा, हे दोघे एकत्र आल्यावर जे निघायला हवे तेच ‘नोइटा’त निघाले आहे.

पडद्यावर दिसते ते असे. जुन्या धाटणीच्या, जाड पिक्सेलांच्या द्विमितीय चित्रात एक झगा घातलेली आकृती डोंगराच्या तोंडाशी उभी असते. तिच्याजवळ दोन कांड्या असतात, एक ठिणग्या सोडणारी आणि एक बॉम्ब टाकणारी; सोबत एखाद्या द्रवाची कुपी असते; आणि तब्येतीचे 100 गुण असतात. ती काही क्षण हवेत तरंगू शकते. तिला खाणीत उतरायचे असते आणि थरामागून थर ओलांडत तळ गाठायचा असतो: वरची खाण, कोळशाचे खड्डे, बर्फाळ गुहा, हिसी नावाच्या शस्त्रधारी शत्रूंचा तळ, भूगर्भातले जंगल, यंत्रांनी गजबजलेली तिजोरी आणि कलेचे मंदिर असे सात थर, आणि त्याखाली शेवटचा बलाढ्य शत्रू, म्हणजे बॉस. मेले की सारे संपते. मध्येच उठून जायचे असेल तर डाव जपून ठेवता येतो, पण मृत्यूनंतर परतायला कुठलीही जागा उरत नाही. पुढचा डाव पुन्हा डोंगराच्या तोंडाशी सुरू होतो. थरांचा क्रम तोच, पण बोगद्यांची रचना, सापडणाऱ्या कांड्या आणि दुकानातले मंत्र निराळे.

इतकेच असते तर नेहमीच्या रोगलाइक गेमांत, म्हणजे दर डावाला रचना बदलणाऱ्या आणि मेल्यावर पहिल्यापासून सुरू होणाऱ्या गेमांत, आणखी एकाची भर, असे म्हणून मी थांबलो असतो. वेगळेपण आहे ते या जगाच्या घडणीत. निर्मात्यांचा दावा असा, की पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल भौतिक नियमांनुसार वागतो, आणि हा दावा जाहिरातीपुरता नाही. पडत्या वाळूचे जे छोटे गेम पूर्वी ब्राउझरमध्ये खेळले जात, त्यांचीच कल्पना इथे पराकोटीला नेलेली आहे. वाळूचा कण आपल्याखालची जागा रिकामी आहे का ते पाहतो आणि असेल तर खाली सरकतो. नसेल तर डावी-उजवीकडची तिरपी जागा पाहतो. पाणी याशिवाय आडवेही पसरते, वायू वर चढतो, आग शेजारच्या ज्वलनशील कणाला पेटवते. नियम इतकेच, पण ते पडद्यावरच्या लाखो कणांना एकाच वेळी लागू होतात. हे साधण्यासाठी जग 64 गुणिले 64 पिक्सेलांच्या चौकोनांत विभागलेले आहे आणि ज्या चौकोनात काहीच हलत नाही त्याच्यावर संगणक श्रम वाया घालवत नाही. जे चौकोन हलत आहेत ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आळीपाळीने घेतले जातात, म्हणजे प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांना एकमेकांच्या वाटेत न येता काम करता येते. लाकडी तुळई, खाणीतली गाडी, पेटारा अशा घन वस्तूंसाठी बॉक्स2डी ही प्रचलित भौतिकी प्रणाली वापरलेली आहे. मात्र त्या वस्तूही पिक्सेलांच्याच असल्याने आम्लाने तुळईचा मधला भाग खाल्ला की उरलेल्या दोन तुकड्यांचे आकार नव्याने मोजले जातात आणि ते वेगवेगळे कोसळतात.

या तांत्रिक तपशिलाचे खेळाडूला काय, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पहिल्याच तासात मिळते. वरच्या खाणीत लाकडी फळ्यांवर उभ्या असलेल्या तीन शत्रूंशी लढण्याऐवजी मी खालून फळ्या पेटवल्या आणि आधार जळून गेल्यावर ते खालच्या विषारी डबक्यात पडले. एकदा लाव्हाने अडवलेल्या वाटेवर वरच्या तळ्याची भिंत फोडून पाणी सोडले. लाव्हा आणि पाणी भेटल्यावर दगड तयार झाला आणि त्यावरून मी चालत गेलो. विषारी गाळाच्या डबक्यात पुरेसे पाणी ओतले तर गाळाचे पाणी होते. ओल्या अंगाला आग लागत नाही, पण पाण्यातून वीज पसरते, म्हणून आगीपासून वाचवणारे पाणीच वीज सोडणाऱ्या मांत्रिकासमोर जिवावर उठते. दारू पेटते. रक्तही एक द्रव आहे, त्याची डबकी साचतात, ते कुपीत भरून घेता येते आणि त्याने माखलेल्या अंगाने लढले तर जबर घाव बसण्याची शक्यता वाढते. यातले बरेचसे गेम शिकवत नाही. दिसते, उमगते आणि पुढच्या वेळी कामाला येते. अशा प्रत्येक शोधाचा आनंद इतका निखळ आहे की त्यासाठी मी दहा-वीस मृत्यू विनातक्रार सोसले.

आता कांड्यांविषयी. या परीक्षणाचा खरा जीव इथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इतर गेमांत जादू म्हणजे तयार शस्त्र असते: अग्निगोल हवा तर अग्निगोलाचे बटण दाबायचे. ‘नोइटा’तली कांडी ही केवळ चौकट आहे. तिच्यात ठरावीक संख्येची घरे असतात आणि त्या घरांत मंत्र मांडायचे असतात. दोन मंत्र सोडण्यातला विलंब, सगळे मंत्र संपल्यावर पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, मंत्रशक्तीचा साठा आणि तो भरून येण्याचा वेग हे प्रत्येक कांडीचे गुणधर्म वेगळे असतात. काही कांड्या घरांतले मंत्र डावीकडून उजवीकडे क्रमाने सोडतात. काही मात्र पत्ते पिसावेत तसे ते पिसतात, आणि अशी कांडी कितीही दमदार असली तरी तिच्यावर काही योजना बांधता येत नाही.

मंत्रांची मांडणी ही सरळसरळ वाक्यरचना आहे. जो मंत्र काही तरी फेकतो, ठिणगी, बाण, बॉम्ब, करवतीचे चक्र, ते झाले नाम. त्याच्या आधी ठेवायचे परिणामक मंत्र ही विशेषणे: शत्रूचा माग काढणारी, भिंतीवरून उसळणारी, मागे तेलाची धार सोडणारी. विशेषण आपल्या पुढच्या नामाला लागते, मागच्याला नाही, एवढे व्याकरण पहिल्या दिवशी कळते. दुहेरी किंवा तिहेरी मंत्र हे उभयान्वयी अव्यय. ते पुढची दोन-तीन नामे एकाच दमात उच्चारतात आणि त्यांच्या आधी ठेवलेले विशेषण साऱ्यांना लागू होते. पण खरी गंमत ट्रिगर असलेल्या मंत्रात आहे. ते आहे जेव्हा-तेव्हाचे मिश्रवाक्य: जेव्हा ही ठिणगी कशावर तरी आदळेल, तेव्हा त्या जागी पुढचा मंत्र उमटेल.

याचे एक उदाहरण जवळून दाखवतो. ‘स्फोट’ नावाचा एक मंत्र आहे, जो एकटा वापरला तर कांडीच्या टोकाशीच फुटतो आणि आपण आपोआप त्याच्या टप्प्यात सापडतो. नवखा असताना मला तो दुकानात दिसला तेव्हा असला आत्मघातकी मंत्र कोण विकत घेईल, असे वाटून मी तो सोडून दिला. पुढे कधी तरी चार घरांच्या, न पिसणाऱ्या कांडीत पहिल्या घरी ट्रिगरची ठिणगी आणि दुसऱ्या घरी ‘स्फोट’ ठेवून पाहिला. ठिणगी बोगद्याच्या दूरच्या टोकाला गेली, भिंतीला लागली आणि तिथे, माझ्यापासून सुरक्षित अंतरावर, भिंतीचे भगदाड झाले. तोच मंत्र, पण वाक्यातले स्थान बदलताच अर्थ पालटला. त्या आनंदाच्या भरात मी धावत पुढे निघालो, एका वळणावर शत्रू दिसताच कांडी चालवली, आणि मध्ये हातभर अंतरावर असलेला मातीचा उंचवटा माझ्या लक्षात आला नाही. ठिणगी त्याच्यावर आदळली. भस्मासुराला वर मिळाल्यावर त्याचा हात शेवटी कुणाच्या डोक्यावर गेला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, तरी ते ऐन वेळी आठवत नाही.

वाक्य वरवरून कळले की मग बारकावे खुणावू लागतात, आणि इथे हा गेम थक्क करतो. यांत्रिक करवतीचा एक मंत्र आहे, शस्त्र म्हणून अगदीच जवळच्या पल्ल्याचा आणि पहिल्या नजरेत फारसा कामाचा न वाटणारा. पण तो उच्चारला गेला की त्या दमात साठलेला विलंब शून्यावर येतो. म्हणून दुहेरी मंत्रानंतर आधी ठिणगी आणि शेवटी करवत अशी मांडणी केली, तर जी कांडी सावकाश ठिणग्या सोडत होती ती त्यांची झोड उठवू लागते. तीच करवत आधी आणि ठिणगी नंतर ठेवली तर ठिणगीचा विलंब पुन्हा जमा होतो आणि फायदा कमी होतो. कांडीच्या शेवटच्या घरी ट्रिगर ठेवला आणि त्याच्यापुढे मंत्रच उरला नाही, तर तो वळसा घालून पहिल्या घरापासून मंत्र उचलतो. हे वळसे घालणे हा आधी दोष वाटतो, नंतर ते हत्यार होते. कवितेत यमक जुळवताना शब्द मागे-पुढे करावेत तसे मी कित्येकदा अर्धा-अर्धा तास चार घरांतले मंत्र सरकवत बसलो आहे, आणि त्या वेळात एकही शत्रू मेला नाही तरी मला गेम थांबल्यासारखा वाटला नाही.

हे सरकवणे मात्र कुठेही करता येत नाही, आणि ही अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. दोन थरांच्या मध्ये एक पवित्र पर्वत लागतो. तिथे तब्येत पूर्ववत होते, संपलेले मंत्र पुन्हा भरतात, साठवलेल्या सोन्यातून मंत्र किंवा कांड्या विकत घेता येतात, तीन वरदानांतून एक निवडता येते, आणि कांड्यांची घरे केवळ तिथेच उघडतात. तिथून पुढे निघाले की मागचे सारे कोसळते आणि रचलेल्या वाक्यांवरच पुढचा अख्खा थर काढायचा असतो. शत्रू मेल्यावर पडणारे सोने काही सेकंदांत नाहीसे होत असल्याने ते वेचायला धोक्यात उडी घ्यावी लागते. हव्यास किती करायचा हा निर्णय दर मिनिटाला समोर उभा राहतो आणि माझा तो बहुतेक वेळा चुकतो. वरदाने पसंत नसतील तर 200 सोन्याच्या मोबदल्यात ती बदलून मिळतात, पुढच्या बदलाला हीच रक्कम दुप्पट होते. कांड्यांची घरे कुठेही उघडू देणारे एक वरदानही आहे. ते ज्या डावात मिळते तो डाव म्हणजे सणच. आग न बाधण्याचे किंवा स्फोट न बाधण्याचे वरदान मिळाले तर डावाचे सारे गणित उलटते: वर सांगितलेला ‘स्फोट’ मग ट्रिगरविना, स्वतःच्या अंगावरच फोडत चालत जाता येते, आणि कालपर्यंत ज्याला भ्यायचे तेच चिलखत होते. पर्वताच्या भिंती फोडून आडवाटेने निघण्याचा प्रयत्न केल्यास देवांचा कोप होतो आणि एक रखवालदार मागे लागतो, त्यामुळे तिथे बॉम्बची कांडी हातात धरूनही चालू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

दृश्य आणि ध्वनी यांविषयी थोडक्यात. जाड पिक्सेलांमुळे चित्रे साधी वाटतात, पण अंधाऱ्या गुहेत लांब कुठे तरी आग पेटते आणि तिचा उजेड ओलसर दगडांवर हलू लागतो, तेव्हा हा साधेपणा किती जाणीवपूर्वक राखलेला आहे ते कळते. संगीत बऱ्याच वेळा मागे राहते आणि लढाई भडकली की वर येते. शत्रूंची नावे कोणत्याही भाषेत खेळले तरी फिनिशच राहतात, आणि फिनिश लोककथांतली भुते-देवता त्यांत डोकावतात: हिसी हे तिथल्या परंपरेतले दुष्ट जीव, वीज फेकणाऱ्या मांत्रिकाचे नाव उक्को, जे मुळात मेघगर्जनेच्या देवाचे नाव, आणि तळाशी वाट पाहणारी सांपो ही त्याच परंपरेतली इच्छित वस्तू देणारी जादूची घडण. ज्या भाषेचा गंधही नाही त्या भाषेतली नावे मृत्यूच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा वाचून पाठ होतात, हा शिकण्याचा प्रकार जरा महागात पडणारा आहे.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्या आहेत आणि काही गंभीर आहेत.

माझा पहिला आक्षेप रूपांतरावर आहे. तळाकडच्या थरांत असे मांत्रिक भेटतात, ज्यांचा एक मंत्र लागला की आपण मेंढी होतो. मेंढीला कांडी धरता येत नाही, तिची तब्येत नगण्य असते आणि ती मेली की आपण मेलो. दीड तास जपलेला, शेकडो गुणांची तब्येत कमावलेला डाव असा तीन सेकंदांत संपतो. तेल आणि कंदिलाच्या बाबतीत चूक माझी होती आणि मला ती दिसतही होती. इथे मात्र पडद्याबाहेरून आलेल्या एका मंत्राने माझे सारे हिशेब एका फटक्यात रद्द होतात. जग कुणाची बाजू घेत नाही हा जो या गेमचा गाभा, तोच इथे डळमळतो, असे माझे मत आहे. अनुभवी खेळाडू म्हणतील की सावध राहावे, लांबून पाहावे, पळवाट आधीच खणून ठेवावी. ते खरेही आहे. पण जो धोका पहिल्यांदा ओळखण्याची किंमत अख्खा डाव आहे, तो शिकवत नाही, फक्त शिक्षा करतो.

दुसरा आक्षेप माहितीच्या दडवणुकीवर. पिक्सेलांचे नियम डोळ्यांना दिसतात, म्हणून ते स्वतःहून शिकता येतात. कांडीचे व्याकरण मात्र पुष्कळसे अदृश्य आहे. करवत विलंब शून्यावर आणते किंवा शेवटच्या घरचा मंत्र वळसा घालतो, हे कळण्यासाठी एकतर विलक्षण चिकाटीने प्रयोग करावे लागतात किंवा इतर खेळाडूंनी जमवलेल्या माहितीचा आधार घ्यावा लागतो. मी आधी प्रयोग केले, मग हात टेकले आणि वाचले. वाचल्यावर गेम कमी आवडला असे झाले नाही, उलट प्रयोगांना दिशा मिळाली. पण गेममध्येच कांडी सुरक्षितपणे तपासून पाहण्याची एखादी जागा असती, तर हे वाचन इतके अपरिहार्य ठरले नसते. पवित्र पर्वतात कांडी चालवून पाहावी, तर भिंतीला इजा होऊन देव कोपण्याची धास्ती.

तिसरी उणीव यंत्राशी निगडित आहे. लाखो कणांचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो आणि गेम कुणालाही हवे ते रचू देतो, यातून जे व्हायचे ते होते: एका दमात शेकडो चक्रे सोडणारी कांडी जमली की पडदा रखडू लागतो. जुन्या संगणकावर साधा डाव ठीक चालतो, परंतु मोठा पूर, मोठी आग आणि दमदार कांडी एकत्र आल्यावर धीर धरावा लागतो. याला मी दोष म्हणेन, पण प्रामाणिक दोष. कल्पना लहान ठेवून तो टाळता आला असता आणि तो तसा टाळलेला नाही हे मला बरे वाटते.

पहिल्यांदा शेवटच्या बॉसपर्यंत पोहोचल्यावर वाटते की हा तळ. प्रत्यक्षात खाली जाणारी वाट हा या जगाचा लहानसा भाग आहे. डोंगराच्या दोन्ही अंगांना आणि वर आकाशातही जग पसरलेले आहे. वाळवंट आहे, पिरॅमिड आहे, ठिकठिकाणी लपवलेले 11 गोल आहेत, जे गोळा केल्याने शेवट बदलतो, आणि त्याही पलीकडे पूर्वेला व पश्चिमेला समांतर जगे आहेत. काही द्रव एकत्र मिसळल्यावर किमया घडते आणि तिची कृती दर डावाला बदलते. डोळ्यांच्या आकृत्यांत लिहिलेले काही संदेश तर असे, की खेळाडूंनी एकत्र येऊन वर्षानुवर्षे डोकेफोड केली तरी ते उकलले नाहीत. यातल्या बहुतांश गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत आणि पाहीन असेही वाटत नाही, पण त्या तिथे आहेत हे ठाऊक असल्यामुळे कुठलीही भिंत खणताना हात जरा रेंगाळतो.

कुणी घ्यावा, याचे उत्तर मी असे देईन. ज्यांना दर बैठकीला काही तरी कमावल्याचे समाधान हवे, तब्येत किंवा शस्त्रे पुढच्या डावात सोबत यावीत असे वाटते, त्यांनी हा गेम घेऊ नये. इथे पुढच्या डावात सोबत येते ती आपली समजूत, आणि फार तर काही मंत्र, जे एकदा खुले झाले की पुढे कुठे तरी सापडू लागतात. मृत्यूने फारच वैताग येत असेल तर खेळाडूंनी तयार केलेले अनेक मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारे जोड-प्रोग्राम, उपलब्ध आहेत, त्यांतून हवी तशी सवलत मिळते, आणि एकट्याने घरात बसून खेळण्याच्या गेममध्ये त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांना मात्र एखादे यंत्र उघडून पाहण्याची, दोन पदार्थ एकत्र ओतून काय होते ते बघण्याची खोड आहे, त्यांनी निःशंक घ्यावा आणि पहिले दहा-पंधरा डाव जिंकण्याचा विचारही न करता फक्त वरच्या खाणीत काय काय जळते, वितळते आणि कोसळते ते पाहण्यात घालवावेत. सुरुवातीच्या कुपीत पाणी निघाले तर ते जपून ठेवावे. गाळ धुण्यासाठी ते सगळे ओतू नये. दोन-तीन शिंतोड्यांत गाळ निघतो, एवढे तरी त्या कंदिलाने मला शिकवले आहे.